एका लेन्सची पाठ: रेंजफाइंडर, वाइड-अँगल आणि दुभंगलेली जर्मनी

गतवर्षी आमचे एक निवृत्त प्राध्यापक वारले. आम्हा दोघांनाही एम. ए.च्या वर्गात भाषाविज्ञान त्यांनीच शिकवले होते. पुढे काही वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलांवर बसण्याचे भाग्यही लाभले. त्यांच्या अभ्यासिकेतील पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावयाची असे ठरले, तेव्हा काकूंनी एक इच्छा बोलून दाखवली. पुस्तके हलवण्यापूर्वी ती खोली जशी आहे तशी एका फोटोत यावी. खोली दहा फूट बाय दहा फुटांची, तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, मध्ये टेबल. आम्ही अर्थातच खिशातून मोबाइल काढला. काकू म्हणाल्या, "तो तुमच्यापाशीच राहील. मला कागदावरचा हवा. आणि ह्यांची ही काच आहे अजून. कॅमेरा केव्हाच भंगारात गेला. हिने घेता येईल का बघा."

ती काच म्हणजे ज्युपिटर-१२ ही ३५ मिलिमीटरची रशियन लेन्स. सर १९७० च्या दशकात रशियन भाषेच्या अभ्यासासाठी मॉस्कोला गेले होते, तेथून आणलेली. घाट बसका, पुढून पाहिले तर भिंग आडाच्या तळाशी असावे तसे खोल गेलेले, आणि मागून पाहिले तर काचेचा एक टपोरा घुमट धातूच्या कड्याबाहेर आलेला. ती हातात घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हिची पुढची बाजू कोणती? लेन्स आमच्या हाती होती, बॉडी नव्हती. ती शोधताना जे वाचावे, पाहावे आणि विचारावे लागले, त्याचा हा लेखाजोखा आहे. कॅमेरा कोणता घ्यावा याचा सल्ला आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांनी देऊ नये हे आम्हांस मान्य आहे. परंतु सरांच्या लेन्सचा तो घुमट आम्हांला ज्या इतिहासात घेऊन गेला, तो इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही अगदीच परका वाटू नये.

प्रथम थोडे गणित. ३५ मिमी फिल्मवरील चौकट ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असते. नऊ फुटांवरून ५० मिमीच्या लेन्सने भिंत टिपली तर तिची सुमारे साडेसहा फूट रुंदी फिल्मवर येते. ३५ मिमीच्या लेन्सने सव्वानऊ फूट. म्हणजे पाठीमागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, तर सरांची समोरची भिंत पस्तीसमध्ये जवळपास पूर्ण येणार आणि पन्नासमध्ये तिचा तिसरा हिस्सा कापला जाणार. कोनाच्या भाषेत बोलायचे तर पन्नासची लेन्स चौकटीच्या कर्णावर सुमारे ४७ अंश पाहते, पस्तीसची ६३, अठ्ठावीसची ७५, एकवीसची ९० च्या थोडी पुढे आणि पंधराची ११०.

आता तो घुमट. आपण ज्याला एसएलआर म्हणतो त्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असतो. छायाचित्रकार त्या आरशातून, म्हणजे पर्यायाने लेन्समधूनच, पाहतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो. आरशाला हलायला जागा लागते आणि ती जागा लेन्सने मोकळी सोडावी लागते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहतच नाही. तो लेन्सच्या वर, बाजूला असलेल्या खिडकीतून पाहतो. दुसऱ्या एका छोट्या खिडकीतून आलेली प्रतिमा पहिलीवर पडते, लेन्सचे कडे फिरवत या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की अंतर अचूक जुळले. आरसा नाही, म्हणून लेन्सने फिल्मच्या किती जवळ जावे याला बंधन असे फारसे नाही. वाइड-अँगल लेन्सला हेच हवे असते. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना भिंगांची जवळपास सारखीच मांडणी केली, तर पुढच्या अर्ध्याचे काही दोष मागचा अर्धा निस्तरतो. सरळ रेषा सरळ राहतात, कडांना रंग सुटत नाहीत. मात्र अशा लेन्सचे मागचे भिंग फिल्मला जवळजवळ चिकटलेले असावे लागते. याची किंमत म्हणजे कोपऱ्यांतला काळोख. कडेला जाणारा प्रकाश तिरका पडतो आणि कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. पूर्ण सममित अशा एकवीसच्या लेन्समध्ये केवळ ह्या नियमाने कोपऱ्यात मध्याच्या चौथाईहून किंचित कमीच प्रकाश उरतो. एसएलआरसाठी वाइड लेन्स करायची तर रचना उलटी फिरवून मागे मोकळी जागा निर्माण करावी लागते. फ्रान्समध्ये आंजेन्यू यांनी १९५० मध्ये तशी ३५ मिमीची लेन्स बाजारात आणली आणि तिचे 'रेट्रोफोकस' हे नाव पुढे त्या सगळ्या जातीलाच चिकटले. आज ह्या उलट्या रचनेने उत्तम लेन्स होतात, पण त्या काळी त्या अवजड असत आणि सरळ रेषांना वाक देत.

सरांच्या लेन्सचे मूळ रशियन नव्हे. तिचा जन्मदाता लुडविग बेर्टेले हा जर्मन. १९२० च्या दशकात ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यात त्याने 'एर्नोस्टार' ही त्या काळी अतिशय वेगवान मानली गेलेली लेन्स केली. १९२६ मध्ये एर्नेमानसह चार कंपन्या एकत्र येऊन झाइस इकोन स्थापन झाली आणि बेर्टेले तिच्यात आला. १९३२ मध्ये झाइस इकोनने लायकाला उत्तर म्हणून काँटॅक्स हा रेंजफाइंडर कॅमेरा काढला, १९३६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्या काँटॅक्ससाठी बेर्टेलेने केलेली ३५ मिमी, एफ/२.८ ची वाइड-अँगल लेन्स म्हणजे 'बायोगॉन'. तिचे मागचे भिंग मोठे, फुगीर आणि बॉडीच्या पोटात खोल शिरणारे. काँटॅक्सच्या पोटात तेवढी जागा होती. ती मुद्दाम ठेवली होती असे नव्हे, परंतु होती.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला. मे महिन्यात युद्ध संपले. लेन्स जेथे तयार होत ते येना शहर प्रथम अमेरिकनांच्या ताब्यात आले होते. ते ठरल्याप्रमाणे सोव्हिएत संघाच्या हवाली करण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे निवडक शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक आपल्याबरोबर पश्चिमेला नेले. त्यांतून पुढे ओबरकोखेन येथे पश्चिमेचे झाइस उभे राहिले. यंत्रे, आराखडे आणि उरलेले कारागीर पूर्वेकडे राहिले. युद्धाची भरपाई म्हणून काँटॅक्सची उत्पादनव्यवस्था येना येथे नव्याने उभारण्यात आली आणि तेथून ती कीव्ह शहरातील आर्सेनाल कारखान्यात गेली. सुरुवातीचे 'किएव्ह' कॅमेरे जर्मन सुट्या भागांतूनच जुळवलेले होते. बायोगॉनची रशियन प्रत मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे होऊ लागली. तिचेच पुढचे नाव ज्युपिटर-१२. भाषाविज्ञानाच्या वर्गात सर तद्भव शब्दांची उदाहरणे फळ्यावर लिहीत असत. त्यांच्या टेबलाच्या खणात असलेला हा तद्भव त्यांनी कधी आम्हांला दाखवला नाही.

आणि पश्चिमेला काय झाले? झाइस इकोनने स्टुटगार्ट येथे काँटॅक्स पुन्हा घडवला. यंत्रे गेलेली, म्हणून रचना नव्याने करावी लागली. १९५० मध्ये आलेला हा 'काँटॅक्स टू-ए' जुन्यापेक्षा आटोपशीर, देखणा आणि शटरच्या बाबतीत अधिक भरवशाचा होता. मात्र त्याचे पोट आवळले होते. युद्धापूर्वीचा ३५ मिमीचा बायोगॉन त्यात बसेना. मागचे भिंग आतल्या भागांना अडू लागले. तेव्हा झाइसने लहान पाठीचा नवा बायोगॉन केला. म्हणजे १९३८ मध्ये ड्रेस्डेनचा काँटॅक्स आणि ३५ मिमीचा बायोगॉन विकत घेतलेल्या कोणा जर्मन छायाचित्रकाराचा कॅमेरा युद्धात गेला आणि लेन्स तेवढी वाचली असे समजू. १९५० मध्ये त्याला आपल्या लेन्सला साजेशी बॉडी हवी असती, तर ती त्याच्या देशात बनणाऱ्या, तेच नाव धारण करणाऱ्या कॅमेऱ्यात मिळाली नसती. ती सोव्हिएत कारखान्यात बनत होती. नाव एकीकडे गेले, पोट दुसरीकडे. जर्मनीच्या फाळणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ती काही मिलिमीटरांत मोजता येते हे आम्हांस ठाऊक नव्हते.

हे आम्हांला कळले तेही पुस्तकातून नव्हे. मुंबईत फोर्ट भागातील एका जुन्या दुकानात काचेच्या कपाटात एक काँटॅक्स टू-ए होता. आम्ही त्यावर भाळलो होतो. दुकानदाराने सरांची लेन्स हातात घेतली, उलटी केली, घुमटावरून नजर फिरवली आणि कपाटाला पुन्हा कुलूप लावले. "ही यात नाही जाणार, सर. जबरदस्ती केलीत तर दोन्ही जातील." विक्री हातची जात असताना गिऱ्हाइकाला थांबवणारा हा मनुष्य आम्ही विसरणार नाही.

ह्याच फाळणीचा आणखी एक धागा आहे. थोडे विषयांतर करून तो सांगतो. पूर्व जर्मनीने रेंजफाइंडरचा नाद जवळजवळ सोडून एसएलआरची कास धरली. ड्रेस्डेनमध्ये एक्झाक्टा हा एसएलआर युद्धापूर्वीपासून होत होताच, आणि येनाच्या झाइसने अशा कॅमेऱ्यांसाठी उलट्या रचनेच्या 'फ्लेक्टोगॉन' लेन्स काढल्या. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या फौजा प्रागमध्ये घुसल्या, तेव्हा योसेफ कौडेल्काने रस्त्यावर उतरून जी छायाचित्रे काढली, ती एक्झाक्टा आणि २५ मिमीच्या फ्लेक्टोगॉनने. ती चोरून देशाबाहेर गेली आणि आरंभी त्याच्या नावाशिवाय, केवळ प्रागचा एक छायाचित्रकार म्हणून, प्रसिद्ध झाली. पंचवीसच्या लेन्सने रणगाडा चौकटभर दिसायला हवा असेल तर त्याच्या अगदी पुढ्यात जावे लागते. चित्र पाहणाऱ्यालाही ते अंतर जाणवते. छायाचित्रकार रस्त्याच्या पलीकडच्या गच्चीत नव्हता हे सांगावे लागत नाही. वाइड-अँगलसाठी रेंजफाइंडरच हवा असे म्हणणाऱ्यांना कौडेल्का हे पुरेसे उत्तर आहे, आणि ते उत्तर आमच्या प्रतिपादनाला सोयीचे नाही हेही आम्ही कबूल करतो.

तरीही रेंजफाइंडरकडे परतू, कारण लेन्सच्या पाठीचा प्रश्न सुटला म्हणजे दृष्टीचा प्रश्न सुटत नाही. लेन्समधून पाहायचे नाही, तर मग लेन्सला काय दिसते आहे हे छायाचित्रकाराला कळावे कसे? आणि येथे आम्हांला सरांच्या वर्गातील एक जुना वाद आठवतो.

ओस्कार बार्नाकने वेत्झलार येथे घडवलेला लायका १९२५ मध्ये लाइप्झिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. त्यावर ५० मिमीची लेन्स कायमची बसवलेली होती. ३६ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. कर्णाएवढे नाभीय अंतर ते 'सहज' अंतर असा संकेत धरला, तर पन्नास त्यातही किंचित लांबच. पण पन्नास रूढ झाली, 'नॉर्मल' ठरली, आणि बाकीच्या लेन्स तिच्या तुलनेत आखूड किंवा लांब मानल्या जाऊ लागल्या. पुढे लायकासाठी पस्तीस आणि अठ्ठावीसच्या लेन्स निघाल्या, परंतु बॉडीच्या खिडकीत पन्नासचेच दृश्य दिसे. बाकीच्यांसाठी वेगळे छोटे व्ह्यूफाइंडर विकत घेऊन कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवावे लागत. प्रमाणभाषा आणि बोली हा विषय शिकवताना सर नेहमी विचारीत, की प्रमाण कोणी ठरवले हा प्रश्न सोडा, प्रमाणाबाहेरच्याला रोजच्या व्यवहारात काय पदरचे घालावे लागते ते सांगा. त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर ह्या डोक्यावरच्या व्ह्यूफाइंडरांत आहे असे आम्हांस वाटते.

१९५४ मध्ये आलेला लायका एम-३ हा रेंजफाइंडरचा कळस मानतात. त्याच्या खिडकीत प्रकाशाने उजळलेल्या चौकटी दिसतात: ५०, ९० आणि १३५. लेन्स बदलली की चौकट आपोआप बदलते. मात्र पन्नासची चौकट कधीच मावळत नाही. नव्वद लावा, एकशेपस्तीस लावा, ती आपली जागच्या जागी. दृश्य जवळजवळ जीवनाकाराचे, ०.९१ पट, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते. पण दृश्य एवढे मोठे ठेवले की पस्तीसची चौकट खिडकीत मावणार कशी? मावत नाही. मग लायट्झने युक्ती केली. एम-३ साठीच्या पस्तीसच्या लेन्सवर त्यांनी एक चष्माच बसवला. लेन्सवर बसलेली भिंगांची ही जोडी कॅमेऱ्याच्या दोन्ही खिडक्यांसमोर येते आणि पन्नासच्या चौकटीत पस्तीसचे दृश्य आखडून बसवते. पस्तीसला एम-३ मध्ये वावरायचे, तर पन्नासचा चष्मा लावूनच.

१९५७-५८ मध्ये एम-२ आला. तो एम-३ चा स्वस्त धाकटा भाऊ म्हणून काढलेला. फिल्मचे आकडे दाखवणारी तबकडी त्यात बाहेर आणि दर रोलला हाताने शून्यावर आणावी लागणारी. इतरही काही काटकसर. पण त्याच्या खिडकीचे दृश्य ०.७२ पट केले होते आणि चौकटी होत्या ३५, ५० आणि ९०. एका वेळी एकच चौकट दिसे. रस्त्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकारांना हाच हवा होता. एम-३ दोन लाखांहून अधिक बनले, एम-२ ऐंशी हजारांच्या वर. पण नंतर आलेल्या एम-कॅमेऱ्यांनी वारसा घेतला तो धाकट्याच्या ०.७२ चा. १९६७ च्या एम-४ मध्ये चारही चौकटी आल्या. अठ्ठावीसची चौकट बॉडीत यायला १९८० च्या सुमाराचा एम-४पी उजाडावा लागला. तोवर गॅरी विनोग्रँडसारखा छायाचित्रकार न्यूयॉर्कच्या पदपथांवर एम-४ आणि अठ्ठावीस घेऊन आपले बरेचसे आयुष्य काम करून बसला होता. ज्या चौकटीत तो चित्र रचत होता, ती त्याच्या बॉडीत आखलेलीच नव्हती.

दृश्य लहान केले की रेंजफाइंडरची अचूकता घटते, हा एम-३ च्या बाजूचा खरा युक्तिवाद. दोन खिडक्यांमधील अंतर गुणिले दृश्याची पट म्हणजे रेंजफाइंडरचा प्रभावी पाया. एम-३ मध्ये तो सुमारे ६२ मिमी भरतो, एम-२ मध्ये सुमारे ५०. लांब किंवा फार उघड्या छिद्राच्या लेन्ससाठी हा फरक महत्त्वाचा. वाइड-अँगलला मात्र मुळात खोलीभर स्पष्टता असते. तिला एवढा पाया लागतच नाही. म्हणून वाइडसाठी बॉडी निवडताना अचूकतेचा बळी देऊन रुंद दृश्य घेणे हा शहाणपणा ठरतो. चष्मा असणाऱ्यांसाठी तर विशेषच. आमच्यापैकी एकाला लहानपणापासून दूरचे पाहण्याचा चष्मा आहे. एका स्नेह्यांच्या एम-६ ला डोळा लावला तेव्हा अठ्ठावीसची चौकट शोधण्यासाठी त्याला खिडकीत डोके डावीउजवीकडे फिरवावे लागले, जणू कुणाच्या घरात दाराच्या फटीतून डोकावत आहे. २००० च्या सुमारास लायकाने ०.५८ पटीच्या खिडकीचाही एम-६ काढला, तो अशाच चष्मेवाल्यांसाठी आणि अठ्ठावीसवाल्यांसाठी. जपानमध्ये निकॉनने १९५७ च्या एसपी मॉडेलमध्ये वेगळाच मार्ग काढला होता: मुख्य खिडकीच्या शेजारी दुसरी एक छोटी खिडकी, आणि तिच्यात फक्त २८ आणि ३५. वाइडला स्वतःची खिडकी देणारा हा कॅमेरा दोन वर्षांतच निकॉन एफ या एसएलआरच्या यशाखाली झाकला गेला. गंमत अशी की निकॉनने १९५९ मध्ये २१ मिमीची सममित लेन्स काढली, तेव्हा तिची पाठ इतकी खोल जाई की निकॉन एफ वर ती लावण्यापूर्वी आरसा कायमचा वर उचलून ठेवावा लागे आणि डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागे. एसएलआरचा डोळा मिटून त्याचा पुन्हा रेंजफाइंडरच्या पूर्वजासारखा कॅमेरा करावा लागला!

एकवीस आणि त्यापुढच्या लेन्सची कथा सविस्तर सांगण्याचे हे स्थळ नव्हे. बेर्टेलेने १९५० च्या दशकात २१ मिमीचा नवा बायोगॉन केला. त्याच दशकात रुसिनोव्ह यांची २० मिमीची रुसार आली, जिचे मूळ हवाई नकाशांसाठी केलेल्या लेन्समध्ये आहे. लायट्झने १९५८ पासून श्नायडरची सुपर-अँग्युलॉन विकली. ह्या सर्वांच्या पाठी खोल जाणाऱ्या, आणि कॅमेऱ्यांच्या पोटात तोवर प्रकाशमापक येऊ लागले होते. १९७१ च्या लायका एम-५ मध्ये मापकाचा एक छोटा हात लेन्समागे वर येत असे. खोल पाठीची लेन्स लावली तर हा हात तिला आदळण्याचा धोका. १९८४ च्या एम-६ ने हात काढून टाकला, शटरच्या पडद्यावर पांढरा ठिपका रंगवला आणि त्यावरून परतणारा प्रकाश मोजला. परंतु सुपर-अँग्युलॉनचे मागचे भिंग मापकाच्या वाटेत येई आणि आकडा चुकत असे. ज्याच्या पोटात काहीच नाही तो जुना एम-२ अशा लेन्सना निमूट सामावून घेतो. सोयीसाठी केलेली प्रत्येक भर कोणाची तरी जागा घेत होती. टोकाचे उदाहरण झाइस इकोनच्या १९६९ च्या होलोगॉन कॅमेऱ्याचे. १५ मिमीची, एफ/८ या एकाच छिद्राची लेन्स, आणि तिच्याभोवती बॉडी. कोपरे इतके काळवंडत की मध्यभागी गडद आणि कडेला फिकट होत जाणारा फिल्टर सोबत द्यावा लागे. १९७२ च्या सुमारास झाइस इकोनचे कॅमेरे बनणेच थांबले.

१९९९ मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने जवळजवळ तोच विचार स्वस्तात पुन्हा केला. फोइग्टलेंडर या जुन्या नावाने त्यांनी बेसा-एल काढला, ज्यात रेंजफाइंडर नाही, खिडकीही नाही. आणि त्यासोबत १५ आणि २५ मिमीच्या लेन्स. पंधराच्या लेन्सला छिद्र एफ/८ वर ठेवून अंतर सुमारे एक मीटर लावले, तर अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. मग रेंजफाइंडर हवाच कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब. पुढे २००६-०७ मध्ये त्यांचा बेसा आर-४ आला. खिडकी ०.५२ पट, आणि चौकटी २१, २५, २८, ३५ आणि ५०. पाहा, येथे पन्नास सर्वांत आतली, सर्वांत लहान चौकट आहे. १९२५ पासून जी बोलीत गणली गेली ती एकवीस येथे बाहेरची, मोठी चौकट झाली. पाया जेमतेम १९ मिमी, परंतु वाइडला तो पुरतो. नव्वदसाठी चौकटच नाही. ज्याला नव्वद हवी त्याने दुसरा कॅमेरा घ्यावा. रेंजफाइंडरच्या इतिहासात वाइडला प्रमाण मानून आखलेली बॉडी म्हणून आम्ही आर-४ चे नाव घेऊ. बेसा मालिका २०१५ मध्ये बंद झाली आणि जुन्या बाजारात आर-४ चा भाव तेव्हापासून चढाच आहे. लायकाने मात्र २०२२ मध्ये फिल्मचा एम-६ पुन्हा बाजारात आणला. त्याची किंमत अध्यापकांनी वाचू नये.

डिजिटल बॉडीवर ह्याच लेन्स लावता येतात, मग फिल्मचा हट्ट का, असे कोणी विचारील. फिल्मला प्रकाश तिरका आला काय आणि सरळ आला काय, सारखाच. डिजिटल सेन्सरवर मात्र सूक्ष्म भिंगे आणि काचेचा थर असतो. खोल पाठीच्या लेन्समधून फार तिरके येणारे किरण त्यांना सोसत नाहीत, कडा धूसर होतात, कधी गुलाबी-निळसर रंग चढतो. सॉफ्टवेअरने बरेच निस्तरता येते. आम्हांला निस्तरायचे नव्हते.

सरांच्या लेन्ससाठी अखेर किएव्ह-४ए घेतला. त्याच फोर्टमधल्या दुकानदाराने तो कुठूनसा मिळवून दिला, शटरच्या पट्ट्या ओढणाऱ्या रेशमी फिती कारागिराकडून बदलून. देताना म्हणाला, "घ्या, कीव आली तुमची म्हणून." लेन्स लावली. आवाज न होता बसली. घुमट पोटात गेला, कुठे अडला नाही. किएव्हच्या खिडकीत दिसते ते पन्नासचेच दृश्य, म्हणून डोक्यावर सोव्हिएत बनावटीचा फिरता व्ह्यूफाइंडर बसवला; त्याच्या चाकावर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशी पाच छोटी भिंगे असतात, हवे ते फिरवून समोर आणायचे. अंतर पाहायचे एका खिडकीत, चौकट पाहायची दुसरीत. शिवाय कॅमेरा नेहमीसारखा धरला की आपलेच बोट रेंजफाइंडरच्या छोट्या खिडकीवर येते आणि दुसरी प्रतिमा नाहीशी होते. काँटॅक्स वापरणारे हे बोट उचलून धरायला शिकत. आम्हांला दोन रविवार लागले.

खोलीत खिडकीचा उजेड होता. तिकाटणे दाराशी लावून, ४०० च्या फिल्मवर, छिद्र एफ/८ आणि वेळ अर्धा सेकंद. वरचा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर असल्याने त्यात जे दिसते ते लेन्सला जवळच्या अंतरावर तसेच दिसत नाही. पहिल्या चित्रात हे विसरलो आणि सर्वांत वरची फळी अर्धी कापली गेली. दुसरे नीट आले. कोपरे अंधारलेले आहेत. फळ्या सरळ आहेत, अगदी कडेच्याही. डाव्या कडेला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आली आहे, आणि तिला टेकून, अर्ध्या, काकू. आम्ही चौकट लावली तेव्हा त्या तेथे नव्हत्या.

फोटो नेऊन दिला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि प्रथम वरच्या फळीवरची खोकी मोजली. सात भरली. "आठ होती," त्या म्हणाल्या. आठवे त्यांच्यामागे झाकले गेले होते.